कोंडाबाईचं पाणी

बसा. उन्हात उभं राहून गोष्ट ऐकली तर अर्धी कानात जाते आणि अर्धी घामाबरोबर निघून जाते. लिंबाखाली सरका, लेकरांना पुढे बसू द्या. ओळ लागायला अजून अवकाश आहे, हंडा अजून घासायचा आहे. आणि ज्यांना वाटतं की ही गोष्ट आपल्याला पाठ आहे, त्यांनी जरा जास्तच नीट ऐका. दरवर्षी हंडा खाली ठेवणारे तेच असतात.

फार वर्षांपूर्वी, म्हणजे आपल्या वेशीला अजून लाकडी दारं होती तेव्हा, सावरदऱ्यात एकच विहीर होती. गावची विहीर. गावची म्हणजे गावाच्या आत राहणाऱ्यांची. ज्यांना गाव शिवत नव्हतं, ज्यांची वस्ती गावकुसाबाहेर होती, त्यांनी तिच्या दगडाला हात लावायचा नाही, पोहरा सोडायचा नाही, सावलीसुद्धा आवरून उभं राहायचं. त्यांच्या बायकापोरींनी मडकी घेऊन खालच्या अंगाला थांबायचं. आतल्या कुणाला दया आली आणि सवड असली, तर तिनं वरून पाणी ओतायचं. भांड्याला भांडं लागू द्यायचं नाही. धार उंचावरून पडायची आणि त्यातलं निम्मं मातीत जायचं. याला म्हणत पाणी वाढणं. गोड नावं देण्यात आपल्या लोकांचा हात कुणी धरणार नाही.

त्या वस्तीत एक मुलगी होती. तिच्या आधीची भावंडं जगली नव्हती. म्हणून ही जन्मली तेव्हा आईनं तिला सुईणीच्या पदरात टाकलं आणि पसाभर कोंडा देऊन परत विकत घेतलं. कोंड्याच्या मोलाची पोर, काळ हिच्याकडे कशाला बघतोय! म्हणून तिचं नाव कोंडा. बाप तिच्या लहानपणीच गेला. मायलेकी दोघीच राहिल्या.

कोंडा नऊ-दहा वर्षांची असेल, तिची आई तापानं फणफणली. घरात पाण्याचा थेंब नव्हता. कोंडा मडकं घेऊन विहिरीकडे गेली. उन्हं डोक्यावर आली होती आणि विहिरीवर एकटी आवडा होती. आवडा म्हणजे पाटलाच्या घरी नुकतीच लग्न होऊन आलेली सून, तीही कोंडाएवढीच. तिच्या हातात भरलेला पोहरा होता. कोंडानं मडकं पुढे धरलं. तेवढ्यात घरातून सासूची हाक आली.

आवडा म्हणाली, "थांब हं. येते."

ती आली नाही. घरात गेल्यावर तिला कुणीतरी शेवया वळायला बसवलं आणि ती विसरून गेली. एवढंच झालं. यात कुणी दुष्ट नव्हतं, हे ध्यानात ठेवा. कोंडा तिथेच उभी राहिली. येते म्हणाली होती ना. तिची सावली पायाखालून निघून लांब झाली, गुरं परत आली, तरी ती थांबली. पाणी भरायला आलेल्या बायकांना आपापल्या घाया होत्या. शेवटी रिकामं मडकं घेऊन ती घरी गेली. आई दाराकडे तोंड करून पडली होती. ओठ उघडे होते आणि जीभ कोरडी पडली होती.

आईला मूठमाती मिळाली आणि दुसऱ्या दिवशी कोंडा गाडीवाटेनं चालू लागली. कुठे, ते तिलाही ठाऊक नव्हतं. असं म्हणतात की ती तीन दिवस चालली आणि एका पेठेच्या गावाबाहेर, एका पडवीसमोर जाऊन थांबली. ते लूकसमास्तरांचं घर होतं. मास्तर ख्रिस्ती उपदेशक होते, मुलांना शिकवायचे आणि गावोगाव प्रभू येशूची गोष्ट सांगायचे. दारात त्यांची बायको जोंधळे पाखडत होती. तिनं पोरीच्या ओठांकडे पाहिलं आणि तांब्या भरून आणला.

कोंडा लगेच खाली बसली आणि तिनं ओंजळ वर केली. वरून धार येईल म्हणून डोळे मिटले. धार आली नाही. डोळे उघडले तर मास्तरीणबाई तिच्यासमोर मातीत उकिडवी बसली होती आणि तांब्या पुढे धरून होती.

"हातात घे, बाय. आमच्यात वरून ओतत न्हाईत."

कोंडाला तांब्या हातात घेणं म्हणजे काय हेच कळेना. तिनं तो घेतला आणि नुसता धरून बसली. हसू नका रे. जन्मात कधी कुणी हातात काही दिलं नाही, तर कुणालाही सुचणार नाही. पाणी कोमट होईपर्यंत ती बसली होती आणि समोर मास्तरीणबाईही बसून राहिली. मग पोरीनं विचारलं, "वरून का ओतत न्हाईत?"

"ज्यानं आमाला दिलं, तोच खाली उतरून आला. मग आमी कुठं वर उभं ऱ्हायचं?"

कोंडाच्या सगळ्या धर्माची सुरुवात एवढीच आहे. ती त्या घरात दहा वर्षं राहिली. वाचायला शिकली. तिनं थकून विहिरीवर बसलेल्या प्रभूची गोष्ट ऐकली. जिच्या हातचं पाणी त्याच्या लोकांनी कधी प्यायलं नसतं, तिलाच त्यानं प्यायला मागितलं होतं. ती गोष्ट कोंडा पुन्हा पुन्हा वाचायला लावायची आणि प्रत्येक वेळी रडायची. पुढे तिचा बाप्तिस्मा झाला. मास्तरांनी रिबका असं चांगलं, शास्त्रातल्या दुसऱ्या एका विहिरीवरच्या बाईचं नाव दिलं, पण ते कुणाच्या तोंडी बसलं नाही. कोंडा ती कोंडाच राहिली.

विसाव्या वर्षी तिनं मास्तरांना सांगितलं, "मी माझ्या गावाला जाते."

मास्तर म्हणाले, "तिथं तुझं कोण आहे, बाई?"

"कुणी न्हाई. म्हणूनच."

निघताना तिनं देवाकडे एकच मागणं मागितलं. माझ्या गावातला एक तरी हात पुढे येऊ दे, आणि त्या हातात मला पाणी देऊ दे. म्हणजे बाकीचं मला सांगता येईल. मागणं किती लहान होतं पाहा. त्यासाठी तिचा जन्म गेला.

ती आली आणि गावापासून अर्ध्या कोसावर, गाडीवाटेच्या कडेला झोपडी घातली. तिथलं बरड कुणाचंच नव्हतं. कुसळसुद्धा उगवत नव्हतं. पाटलाकडे जाऊन तिनं विहीर खणायची परवानगी मागितली. तेव्हा आवडाचा नवरा, रायाजी, पाटील झाला होता. तो हसला. म्हणाला, "खण की. त्या खडकातनं पानी निगालं तर मी मिशा उतरवीन."

तिनं बारा वर्षं खणलं. दिवसा दोन शेरडं राखायची, सकाळ-संध्याकाळ पहार घ्यायची. वरचा हातभर मुरूम गेला आणि काळा पाषाण लागला. पहारीच्या टोकाची टिकली उडायची, ती पाटीत भरून डोक्यावर वर आणायची. उतरायला चढायला तिनं त्याच दगडात पायऱ्या कोरल्या. रस्त्यानं जाणारे थांबून बघायचे, हसायचे, पुढे जायचे. असं म्हणतात की पहारीचा आवाज वेशीपर्यंत यायचा आणि गावातली तान्ही मुलं त्या ठेक्यावर झोपायची. तिचे तळवे पायऱ्यांच्या दगडासारखे झाले. बाराव्या वर्षी, पहारीच्या एका घावाबरोबर, खडक हुंदका दिल्यासारखा वाजला आणि भेगेतून पाणी आलं. ते थेट नवव्या पायरीपर्यंत चढलं आणि तिथे थांबलं. पाणी गोडं होतं. पाटलानं मिशा उतरवल्या नाहीत, हे वेगळं सांगायला नको.

दुसऱ्या दिवशी पहाटे कोंडाबाईनं तांब्या घासला, भरला आणि ती वाटेच्या कडेला बसली. येणाऱ्या-जाणाऱ्याला ती म्हणायची, "घ्या. ज्यानं मला दिलं, त्याचं आहे." तांब्या दोन्ही हातांत पुढे धरायची. लोक वाट सोडून शेतातून जाऊ लागले.

गावाचं सोडा. तिच्या स्वतःच्या वस्तीचीही छाती होईना. वस्तीतला म्हातारा गेणूबाबा एकदा येऊन दूर बसला आणि म्हणाला, "पोरी, तुजं पानी ग्वाड हाय, समदं हाय. पर तुज्याकडचं प्यालो तर गाव त्यांचं वाढायचं बंद करंल. बलुतं बंद करंल. मग लेकरं काय दगडं खातील?"

"बाबा, हितं कुणाला वाट बगावी लागत न्हाई."

"खरं हाय," गेणूबाबा म्हणाला. "पर वाट बगायची सवय झालीया." आणि तो उठून गेला.

अशी दहा वर्षं गेली. लूकसमास्तर वारले, मास्तरीणबाई वारली. कुणी विचारायला येईना, बाई, किती जण मिळाले तुझ्या प्रभूला? आलं असतं तर तिला सांगायला काही नव्हतं. रोज तीच पहाट, तोच घासलेला तांब्या, तेच वाक्य. संध्याकाळी ती तांब्यातलं पाणी झोपडीपाशी लावलेल्या बाभळीला घालायची. ती बाभूळ एवढी वाढली की तिच्या सावलीत चार गाड्या सुटायच्या. गाडीवाले सावली घ्यायचे, पाणी घ्यायचे नाहीत.

मग ती तीन वर्षं आली. पहिल्या वर्षी मृग कोरडा गेला, दुसऱ्या वर्षी सगळीच नक्षत्रं. गावच्या विहिरीत पहिल्यांदा चिखल राहिला, मग चिखलही तडकला. वस्तीतल्या माणसांनी चुली उकलल्या आणि कामाच्या शोधात नदीच्या बाजूला निघाली. जाताना गेणूबाबा कोंडाबाईच्या झोपडीसमोर थांबला.

"चल आमच्याबर."

"न्हाई बाबा. तुमी पानी तरी पिऊन जावा."

त्यानं तांब्याकडे पाहिलं, मागे गावाच्या वेशीकडे पाहिलं. "माघारी आल्यावर पिऊ," तो म्हणाला. सवय वाईट असते. त्यातलं कुणीच परत आलं नाही. गेणूबाबाचा तर पुढे पत्ताच लागला नाही.

आता ऐका आपल्या शहाण्या गावाची गोष्ट. घशाला कोरड पडली, तेव्हा पंच जमले. पाणी एकाच जागी होतं, सगळ्यांना ठाऊक होतं. ठरलं असं की कोंडाबाईला तिथून उठवायचं, विहीर शुद्ध करून घ्यायची आणि मग भरायचं. पाटील दोन माणसं घेऊन गेला आणि दहा हातांवर उभा राहून त्यानं ते सांगितलं.

कोंडाबाई म्हणाली, "पाटील, इहीर समद्यांचीच हाय. तुमी या, काडा, प्या. मला उटवायची गरज न्हाई. फकस्त पयला तांब्या माज्या हातनं घ्या. मग जल्मभर तुमचं तुमी भरा."

"ते व्हायचं न्हाई."

"मग मी हितंच हाय. तांब्या भरल्यालाच हाय."

पाटलानं परत येऊन विचारलं, शुद्ध करायला काय लागेल? जाणत्यांनी सांगितलं, विधी करायचा आणि शंभर घागरी शुद्ध पाण्यानं पायऱ्या धुवून काढायच्या.  शंभर घागरी शुद्ध पाणी आणायचं कुठून? असं म्हणतात की त्यावर तीन दिवस बैठक चालली. पाण्यासाठी विहीर हवी, आणि विहिरीसाठी पाणी हवं! कुणालाही हसू आलं नाही. चौथ्या दिवशी कुंभाराचं तान्हं लेकरू गेलं. आईला पान्हा फुटेना, कारण आईच्याच पोटात पाणी नव्हतं.

कुंभारणीचा आक्रोश वाऱ्यावर अर्धा कोस गेला. कोंडाबाई वाटेच्या कडेला बसली होती. तिनं तांब्या खाली ठेवला. त्या दिवशी ती पहिल्यांदा देवाशी भांडली, असं म्हणतात, पण मला वाटतं ती स्वतःशीच भांडली. हातातून घ्या, हातातून घ्या, म्हणत बसले. हे माझं प्रेम होतं की माझा हट्ट? माझ्या प्रभूनं त्या बाईकडे पाणी मागितलं. अट घातली का? मी तहानलेल्याला अट घातली. माझ्या आईसारखं ते लेकरू कोरड्या तोंडानं गेलं, आणि या वेळी भरला पोहरा माझ्या हातात होता.

सांगा, कोण चुकलं? इतकी वर्षं ही गोष्ट सांगतोय, मला अजून उत्तर सापडलेलं नाही. हातातून घ्यायला सांगणं चूक होतं, असं माझ्या जिभेवर येत नाही. पण ते लेकरू गेलं, हेही खोटं नाही.

दुसऱ्या दिवशी तांबडं फुटताना तिनं दोन घागरी भरल्या, वेशीपर्यंत नेल्या, या इथे लिंबाखाली ठेवल्या आणि कुणी दिसायच्या आत माघारी फिरली. मग आणखी दोन आणल्या. मग आणखी दोन. दिवस वर येईपर्यंत वेशीत भरल्या घागरींची रांग उभी होती. घागरी कमी पडल्या तेव्हा तिनं वस्तीतली सोडून गेलेली मडकी गोळा केली.

गावानं पाणी पाहिलं. कुणाचं ते विचारलं नाही. विचारलं तर उत्तर मिळेल ही भीती होती. कुणीतरी म्हणालं, देवी पावली. लगेच सगळे म्हणाले, देवी पावली. देवळात घंटा वाजली. प्रत्येकानं आपली भांडी भरून घेतली आणि रिकाम्या घागरी काठीनं ढकलून बाजूला केल्या. दुपारी ती येऊन त्या गोळा करून न्यायची.

घंटेचा आवाज तिलाही ऐकू गेला. ज्याचं नाव सांगायला ती आली होती, बावीस वर्षांहून जास्त काळ ज्याच्या नावानं ती त्या खडकावर बसली होती, त्याचं नाव आता तिला गिळावं लागलं. सांगितलं असतं तर पाणी बाटलं असतं आणि लेकरं मेली असती. म्हणून ती गप्प राहिली. जगातली ही एकच उपदेशक असेल जिनं उपदेश न करण्याचं व्रत घेतलं. मला तिचं दुःख कळतं, पण ते पेलवत नाही. रोज विहिरीच्या नवव्या पायरीवर बसून ती म्हणायची, "प्रभू, एकबी न्हाई रे. तुज्यासाटी एकबी न्हाई." आणि घागर बुडवायची.

असं म्हणतात की पाणी नवव्या पायरीखाली कधी गेलं नाही. आणि असंही म्हणतात की डोक्यावरच्या घागरी हिंदकळून वाटेवर जे थेंब सांडायचे, त्या जागी हरळी उगवली. तीन वर्षांच्या त्या दुष्काळात, जिथे बरडावर कुसळ नव्हतं, तिथे तिच्या विहिरीपासून थेट आपल्या वेशीपर्यंत हातभर रुंदीचा हिरवा पट्टा उठला. आंधळ्यालाही कळलं असतं पाणी कुठून येतं.

मग गावानं काय केलं असेल? गुरं माना टाकत होती, चाऱ्यावाचून हाडं मोजून घ्यावी अशी झाली होती. आणि पाटलानं चार माणसं खुरपी देऊन धाडली आणि तो पट्टा खरवडून काढायला लावला! ते गवत गुरांनाही घातलं नाही, जाळून टाकलं, कारण ते कुठून आलं हे सांगावं लागलं असतं. सकाळी पट्टा पुन्हा हिरवा. पुन्हा खुरपी. सात वेळा खरवडलं, आठव्या वेळी खुरप्यांच्या धारा गेल्या. त्यानंतर गावानं त्या बाजूला बघायचंच बंद केलं. वेशीत येणारा माणूस मान वाकडी करून चालायचा. आपल्या गावाला अजून वाकड्या मानेचं गाव म्हणतात, ते उगाच नाही.

आता आवडाबाई. ती पाटलीण होती, नातवंडं झाली होती. इतकी वर्षं पाणी तिच्या घरात गडीमाणसं भरायची. पण त्या उन्हाळ्यात घरातले गडी निघून गेले आणि तिला स्वतःला कळशी घेऊन वेशीत यावं लागलं. एके दिवशी ती लवकर आली. घागरी अजून आल्या नव्हत्या. ती कळशी घेऊन उभी राहिली. जन्मात पहिल्यांदा तिनं पाण्यासाठी वाट पाहिली. सावली सरकत होती, जीभ टाळ्याला चिकटत होती, आणि उभ्या उभ्या तिला एक मडकं आठवलं. एक पोरगी आठवली. हातातला भरला पोहरा आठवला. येते, असं आपण म्हणालो होतो. गेलो नव्हतो.

त्या दिवशी घागरी आल्याच नाहीत. गावातल्या बायका जमल्या, कुजबुजल्या, देवी कोपली म्हणाल्या. आवडाबाईनं मान सरळ केली आणि हिरव्या पट्ट्याकडे पाहिलं. मग ती त्यावरून चालू लागली. मागून हाका आल्या. पाटलानं स्वतः हाक मारली, "माघारी फिर. फिरली न्हाईस तर पुन्ना उंबऱ्यात पाय टाकायचा न्हाई." ती ऐकत ऐकत पुढे गेली.

अर्ध्या वाटेवर कोंडाबाई पडली होती. डोक्यावरच्या घागरी खाली आल्या होत्या, एक फुटली होती, एक कशी कोण जाणे उभीच होती आणि भरलेली होती. आवडाबाई मातीत बसली. ओंजळ भरून तिच्या ओठांना लावली.

"मी आवडा," ती म्हणाली. "तुला थांब म्हनले हुते. आले गं. मी आले."

काही जण सांगतात की कोंडाबाईनं डोळे उघडले, ओळखलं, हसली आणि पाणी प्याली. ऐकायला बरं वाटतं. पण ज्या माणसांनी मला ही गोष्ट दिली ती तसं सांगत नसत. ती सांगत की पाणी ओठांच्या कडेनं खाली गळलं. कोंडाबाईचे डोळे उघडे होते, पण ते कुणाला पाहत नव्हते. ओठ हलले आणि आवडाबाईनं कान लावला, तर ऐकू आलं, "एकबी न्हाई." आणि ती गेली. ज्याची जन्मभर वाट पाहिली तो हात तिच्या तोंडाशी होता, आणि तिला ते कळलं नाही.

आवडाबाईनं तिला एकटीनं पुरलं, तिच्याच पहारीनं खड्डा करून. दोन दिवस लागले. मग तिनं भरली घागर उचलली आणि वेशीत आणली. पण ठेवून माघारी फिरली नाही. या लिंबाखाली घागर दोन्ही हातांत धरून उभी राहिली आणि मोठ्यानं बोलली.

"ही देवीची घागर न्हाई. कोंडाबाईचं पानी हाय. घ्या. ज्यानं तिला दिलं, त्याचं हाय. घ्यायचं आसंल तर हातनं घ्या."

ती अट पुन्हा घालायला नको होती, असं तुम्ही म्हणाल. पण आवडाबाईला वाटलं की मेलेल्या बाईनं मागितलेलं एवढं तरी तिला द्यावं. पहिल्या दिवशी कुणी आलं नाही. तिचे दंड भरून आले, पण तिनं घागर खाली ठेवली नाही. दुसऱ्या दिवशीही कुणी आलं नाही. पाटलानं घराला कडी घातली होती. तिसऱ्या दिवशी कुंभारीण आली. जिचं लेकरू गेलं होतं ती. तिनं दोन्ही हात पुढे केले आणि घागर घेतली. घागर एका हातातून दुसऱ्या हातात गेली आणि आभाळ काही कोसळलं नाही. पाऊसही आला नाही, हेही सांगतो. तो पुढच्या मृगात आला.

पावसानंतर आवडाबाई, गाडीवाल्यांकडून माग काढत, तीन दिवस चालत त्या पेठेच्या गावी गेली. लूकसमास्तरांच्या जागी दुसरे मास्तर होते. तिनं दारात बसून विचारलं, "ज्यानं कोंडाबाईला दिलं म्हनं, त्यो कोण?" त्यांनी तिला सांगितलं. ती राहिली, शिकली आणि परत येऊन कोंडाबाईच्या झोपडीत राहू लागली. तिचं बाप्तिस्म्याच्या वहीत नाव आहे की नाही, यावर अजून वाद घालतात. घालू द्या. ती रोज पहाटे तांब्या घासायची, हे मात्र कुणी नाकारत नाही. कुंभारीण तिच्याकडून शिकली, कुंभारणीकडून आणखी दोन घरं. आपलं लहानसं ख्रिस्ती देऊळ त्या झोपडीच्या जागेवर उभं आहे.

म्हणून सावरदऱ्यात आजही कुणी कुणाला वरून पाणी ओतत नाही. पाहुणा असो, भिकारी असो, तांब्या हातात देतात आणि देताना खाली बसतात. तो हातभर पट्टा आजही कुणी नांगरत नाही. आणि रोहिणी निघायच्या आधीच्या रविवारी, म्हणजे आज, विहिरीपासून वेशीपर्यंत सगळं गाव ओळीनं उभं राहतं. ख्रिस्ती आणि बाकीचे, आतले आणि पुढे वस्तीत येऊन राहिलेले बाहेरचे. एक हंडा हातातून हातात वेशीपर्यंत येतो. प्रत्येकानं म्हणायचं, घ्या, ज्यानं मला दिलं, त्याचं आहे.

असं असलं पाहिजे. खरं सांगू? दोन-तीन ठिकाणी हंडा अजून जमिनीवर टेकवतात आणि पुढचा तो तिथून उचलतो. कोणाकोणाच्या मध्ये, ते सगळ्यांना माहीत आहे. मी इतक्या ओळी पाहिल्या, अजून एकही ओळ अशी पाहिली नाही जिच्यात हंडा कुठेच टेकला नाही. तेव्हा मला कोंडाबाईचा तो शेवटचा शब्द ऐकू येतो.

शेवटचं काम ओळ संपल्यावर असतं. हंडा वेशीतून माघारी तिच्या कबरीवर नेतात. तिथे पाणी ओतत नाहीत. हंडा दगडाशेजारी ठेवतात आणि ज्यानं त्या वर्षी जन्मात पहिल्यांदा ओळीत हात लावला असेल, तो माणूस गुडघ्यांवर बसतो, दगडाशी तोंड नेतो आणि तिला सांगतो, "बाई, आलो गं. घेतलं."

मागच्या वर्षी एका लेकरानं मला विचारलं, तिला ऐकू जातं का? मी म्हणालो, मला ठाऊक नाही, बाळा. तिला ठाऊक नव्हतं म्हणून आपण दरवर्षी सांगतो, एवढंच मला ठाऊक आहे. उठा आता. हंडा घासून झाला. यंदा पहिल्यांदा कोण आहे, त्यानं पुढे यावं. आणि बाकीच्यांनो, खाली ठेवू नका रे. हातात द्या.